पोपटच्या नावाचं कलम

अल दुहैल, दोहा
एप्रिल, मंगळवार

प्रिय ईश्वरी,

तुला अनेक आशीर्वाद, आणि पोपटच्या डोक्यावरूनही माझ्या वतीने एक हात फिरव. हसलीस ना? हस, खुशाल हस. कुत्र्याला आशीर्वाद पाठवणारी सासू म्हणून तुझ्या आईला एवढ्या दोन ओळी वाचून दाखव हवं तर. पुढचं मात्र तुझ्या एकटीचं आहे. अल सद्दची नुपूर भाच्याच्या मुंजीसाठी नाशिकला निघाली आहे, तिच्या हाती हे पाकीट आणि खजुराचा डबा देते आहे. खजूर तुझ्या बाबांच्या हाताला लागू देऊ नकोस, त्यांची साखर मला ठाऊक आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, फोनवर आपण दोघी काय बोलतो? जेवलीस का, तिकडे ऊन कसं आहे, पोपटने आज काय फाडलं. तेवढ्यात अवधूत येतो आणि आपण दोघी त्याच्यादेखत शहाण्यासारख्या गप्प होतो. शिवाय मला जे सांगायचंय ते बोलायला गेले तर मी मधेच रडायला लागेन आणि तू घाबरून फोन तुझ्या आईच्या हातात देशील. म्हणून लिहिते. मुद्द्याचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उलटशील. घरमालकांनी पोपटला नाही म्हटलं होतं ना, ते आता तसं राहिलेलं नाही. नवा करार तयार आहे. फक्त सही व्हायची आहे, आणि ती माझ्यापाशी अडली आहे. कशी, ते मला ओळीने सांगू दे. अवधूतला यातलं अजून अर्धंच ठाऊक आहे.

तो बरा आहे. म्हणजे ऑफिसला जातो, घरी येतो, मी वाढीन ते खातो आणि लॅपटॉप उघडून बसतो. परवा मी आमटीत मीठ घालायला विसरले, तर हा पठ्ठ्या मुकाट्याने वाटी संपवून उठला. तेव्हाच म्हटलं, याचं काही खरं नाही. शुक्रवारी त्याला ओढून अल मन्सूराला नेलं, मेट्रो स्टेशनमागच्या आपल्या वाण्याकडे. अळूची पानं आली होती, काळ्या देठाची, अगदी ताजी. मी जुडी उचलली, तर हा हळूच म्हणतो, ईश्वरीला अळूवडी फार आवडते. मग मलाही ती घ्यावीशी वाटेना. जुडी परत ठेवली आणि नुसती कोथिंबीर घेऊन दोघं घरी आलो.

अवधूतचे बाबा गेले आणि मी साताऱ्याचं घर बंद करून तुमच्याकडे आले, तेव्हा वाटलं होतं की आता कोपऱ्यातल्या जुन्या कपाटासारखं पडून राहायचं. तू कुठली पडून राहू देतेस! शाळेतून आलीस की सँडल काढायच्या आधी वर्गातल्या गमती सुरू. आपली मराठी पोरं, घरी आई मराठीत रागावते आणि ती इंग्रजीत माफी मागतात, त्याची नक्कल तू अशी करायचीस की माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. संध्याकाळी ‘अहो आई, यल्ला!’ म्हणून मला चालायला बाहेर काढायचीस. माझ्या मैत्रिणींच्या सुना त्यांना ‘आई’ म्हणतात, ‘मम्मी’ म्हणतात, पण तुझ्या ‘अहो आई’त जो लाड आहे ना, तो मला फार आवडतो. कधी बोलले नाही, आज लिहून टाकते.

मग तो ऑगस्ट आला. पाठीमागच्या खोलीला तू फिकट पिवळा रंग लावून घेतला होतास. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या अजून तुझ्या हातात किणकिणत होत्या. आणि दवाखान्यातून तू मोकळ्या हातांनी परत आलीस. घरात तिघं माणसं, आणि तिघं तीन कोपऱ्यांत. तुला रस्त्यावर जायची भीती वाटायला लागली, मग लिफ्टची, मग झोपेची. छातीत धडधडायचं, हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. महिनाभर माहेरी जाऊन येते म्हणालीस आणि गेलीस. आता वर्षाचा निम्म्याहून जास्त काळ होऊन गेला. मी हिशेब विचारत नाही हो. गेलीस ते बरं केलंस.

तिथे तुला पोपट भेटला. कुत्र्याचं नाव पोपट ठेवणारी पृथ्वीवर तू एकटीच असशील! सोसायटीच्या फाटकाशी बसणारा एक लंगडा, मातकट कुत्रा. कुणी म्हणून कुणी त्याला विचारत नव्हतं, आणि तो तुमच्या जिन्यात येऊन बसायला लागला. जी मुलगी दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती ती त्याला पोळी द्यायला जिना उतरली, हे तुझ्या आईने मला सांगितलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. तुला कळवलं नाही, कारण कुत्र्यासाठी साखर ठेवली म्हणायची मला लाज वाटली. पुढे व्हिडिओ कॉलवर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बोलता बोलता तुझा श्वास अडायला लागला, की हा गाढव उठून तुझ्या मांडीवर अख्खं डोकं टाकायचा आणि तू त्याच्या कानाशी बोटं फिरवत फिरवत परत वाक्याला लागायचीस. तुझ्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली, इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणून. अवधूतने मला त्याचा अर्थ समजावून सांगितला. मी म्हटलं, बाबा रे, मला दिसतंय ते, इंग्रजी कशाला पाहिजे?

तू म्हणालीस, येईन तर त्याला घेऊन येईन. त्यात काही चुकीचं नव्हतं. पण आपल्या घराच्या करारात पहिल्यापासून एक कलम होतं, प्राणी पाळायचे नाहीत. आपण तिघांनीही ते कधी नीट वाचलं नव्हतं, कारण आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं. मग अवधूत त्याच्या पद्धतीने कामाला लागला. म्हणजे ईमेल. डॉक्टरांची चिठ्ठी, तिचं अरबी भाषांतर, पोपटच्या लसींचे दाखले, त्याच्या कंपनीत प्रोजेक्टला लावतात तशी रिस्कची सारणी, सगळं जोडून त्याने घरमालकांच्या मुलाला, जासिमना, पाठवलं. जासिम सज्जन माणूस. त्यांनी उत्तर दिलं, आईशी बोलतो, इन्शाल्ला. इथे राहून तुलाही कळलं आहे की ते इन्शाल्ला कुठल्या सुरात येतं त्यावर सगळं असतं. हे नकाराचं होतं. अवधूतने दुसरी घरं बघितली, तर कुठे हेच कलम, कुठे तोंडी हो आणि लिहून द्यायला नको. तोंडी परवानगीवर पोपटला आणायचं, आणि उद्या शेजाऱ्याने तक्रार केली की काढा बाहेर? ते तू सोसणार नाहीस आणि आम्हीही.

तेव्हा मी ठरवलं की आता आपण आपल्या पद्धतीने बघावं. जासिमची आई, मरियमताई, आपल्या कंपाउंडच्या पुढच्याच व्हिलात राहतात, आणि मी इतकी वर्षं त्यांना लांबून सलाम करण्यापलीकडे गेले नव्हते. संक्रांतीचं निमित्त काढलं. त्यांच्या दाराशी ते सिदरचं झाड आहे ना, ते म्हणजे आपली बोरच. सुगडात घालायला बोरं मागायची म्हणून गेले आणि सोबत स्टीलच्या डब्यात गूळपोळ्या नेल्या. म्हटलं, डबा देता देता विषय काढू. कसलं काय! त्यांनी ओंजळभर बोरं दिली, पोळी तिथेच खाऊन बघितली, माझ्या हाताचं कौतुक केलं, आणि मी नुसती हसून परत आले. भाषेचीही अडचण नव्हती. त्यांना हिंदी येतं, अगदी छान येतं. त्यांच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता आणि बाकीचं त्या सिनेमांतून शिकल्या. फक्त त्या स्वतःला ‘मैं आता है’ म्हणतात आणि जासिमना ‘वो आती है’. माझं हिंदी तर तुला माहीतच आहे. तरी आमचं मजेत जमतं.

डबा परत आला तो खजूर भरून, आणि सोबत त्यांच्या वाडग्यातून आणखी बोरं. आता भरलेला डबा आल्यावर त्यांचं वाडगं रिकामं कसं धाडायचं? आणि त्यांच्यातही अगदी आपल्यासारखंच आहे गं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. झालं! तिकडून वाडगं, इकडून डबा. मधे रोजे सुरू झाले. त्यांनी हरीस पाठवला. दिसायला आपल्या लापशीसारखा, तुपाची धार सोडलेला. मी चमचा भरला आणि वासावरून कळलं की त्यात मटण आहे. अवधूतने मिटक्या मारत खाल्ला, मी खिडकी उघडून बसले. मी शाकाहारी आहे हे त्यांना कुठून तरी कळलं असावं, कारण पुढच्या वेळी गोड शेवया आल्या, केशर-वेलचीच्या. बलालीत म्हणतात. पण वर अख्ख्या अंड्याची पोळी पांघरलेली! ती अलगद उचलून अवधूतच्या ताटात टाकली आणि खालच्या शेवया मी चाटूनपुसून खाल्ल्या. आता माझी करामत ऐक. त्यांचा उपास म्हणून मी मोठ्या भक्तीने साबुदाण्याची खिचडी करून पाठवली. उपासाला उपासाचंच द्यावं ना! दिवसभर पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माणसांना मी कांदा-लसूण नसलेला साबुदाणा पाठवला, हे अवधूतने सांगितल्यावर मी डोक्याला हात लावला. पण त्यांच्या घरात तो असा काही आवडला की दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आधी त्यांचा ड्रायव्हर रिकामं नव्हे, लुगैमातने भरलेलं वाडगं घेऊन दारात हजर. लुगैमात म्हणजे आपले गुलगुले, पाकात घोळवलेले. या सगळ्यात पोपटचं नाव एकदाही निघालं नाही. मी भांडी धाडत राहिले आणि करार संपायची तारीख जवळ येत राहिली. तुझ्याकडे त्याची रक्ततपासणी, चिप, सगळं झालेलं होतं. ऊन चढलं की विमानात कुत्री घेत नाहीत, हे तू अवधूतला सहज म्हणून दोनदा सांगितलंस. मी शेजारीच बसले होते. मनातून तुला यायचंय हे मला तेव्हाच कळलं.

यंदा पाडवा आणि ईद एकाच दिवशी आले. आपल्या गॅलरीत गुढी, त्यांच्या दारात गाड्यांची रांग. पाहुणे पांगल्यावर मी श्रीखंड घेऊन गेले आणि मनाशी म्हटलं, आज बोलले नाही तर माझं नाव बदला. मरियमताई मला बैठकीत न बसवता थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आपल्या माणसाला तिथेच नेतात, सगळीकडेच. मी खुर्चीवर टेकले आणि टेकल्या टेकल्या सांगून टाकलं. आमच्या सुनेचा एक कुत्रा आहे, त्याच्याशिवाय ती येणार नाही, आणि तिच्याशिवाय आमचं घर घर राहिलेलं नाही. तुम्ही लोक कुत्रा चालवून घेत नाही हे मला ठाऊक आहे, पण काही मार्ग असला तर सांगा. एवढं बोलून मी पदराने कपाळ पुसलं.

 त्या चक्क हसायला लागल्या, गं. म्हणाल्या, कोण म्हणालं आम्हाला कुत्रा चालत नाही? त्यांच्या वडिलांकडे सलुकी होते, ते उंच, बारीक कमरेचे शिकारी कुत्रे. तंबूत माणसांबरोबर निजायचे आणि थंडीत लहानगी मरियम त्यांच्या पोटाशी शिरायची. अडचण कुत्र्याची नव्हतीच. अडचण मी होते! आपल्या तुळशीच्या कुंडीत त्यांची मांजरं घाण करतात आणि मी झाडू घेऊन, तांब्याने पाणी फेकत त्यांच्या मागे धावते, ते सगळं त्या खिडकीतून बघत होत्या. माझी दारातली रांगोळी, सोवळं-ओवळं, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी पक्कं धरलं होतं की या बाईला प्राण्याचा विटाळ होतो, मुलगा आईच्या मनाविरुद्ध कुत्रा आणतोय, आणि चार दिवसांत ही म्हातारी त्या मुक्या जिवाला उन्हात बांधून घालेल. अवधूतच्या ईमेलमध्ये जगभराचे दाखले होते, फक्त अलका देशमुखला कुत्रा चालतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी त्यांच्या धर्माला घाबरून बसले होते आणि त्या माझ्या झाडूला.

पण ते कलम मुळात आलं कुठून, तेही त्यांनी सांगितलं, तेव्हा मात्र हसत नव्हत्या. आपण यायच्या आधी कोपऱ्यातल्या व्हिलात एक कुटुंब राहायचं. कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नोकरी गेली, घाईघाईत निघाले, आणि जाताना त्यांच्या कुत्रीला मागच्या अंगणात बांधून, शेजारी पाण्याची बादली ठेवून गेले. जुलै महिना. मरियमताईंना तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा बादली कोरडी झाली होती. त्यांनी तिला सोडवून आणलं, थंड खोलीत ठेवलं, हाताने भरवलं. पण ती संध्याकाळ झाली की त्या व्हिलाच्या फाटकाशी जाऊन बसायची आणि गाडी आली की उठून उभी राहायची. हिवाळ्याच्या आत गेली बिचारी. त्या दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, यापुढे आपल्या घरात कुणाला प्राणी ठेवू द्यायचा नाही. ते मालकी गाजवायला नव्हतं, त्यांना ते पुन्हा बघवलं नसतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही दोघींनी त्या कुत्रीच्या नावाने श्रीखंड खाल्लं, कारण वाट्या भरून समोर होत्या आणि दुसरं काय करावं ते दोघींनाही कळेना.

मग जासिमना आत बोलावलं आणि तिथेच, ओट्याशी, कराराचं बोलणं झालं. लॅपटॉपवर ते लिहीत होते आणि आई एकेक सांगत होती. काय सांगू तुला, वकिलाच्या तोंडात मारेल अशी बाई. जुनं कलम काढलं आणि त्या जागी नवं घातलं. त्यात पोपटचं नाव आहे, रंग आहे, लंगडा पायही आहे. हे नाव म्हणजे एका हिरव्या पक्ष्याचं, असं मी सांगितलं तेव्हा मरियमताईंना ठसकाच लागला. त्यांच्या अटी अशा. उन्हाळ्यात त्याला बाहेर बांधायचं नाही, घर सोडून गेलो तर तो आपल्याबरोबरच जाईल, त्याला या देशात टाकून जायचं नाही. पण त्यांनी स्वतःलाही बांधून घेतलं, तेही ऐक. दिलेली परवानगी मधेच काढून घेणार नाहीत, शेजाऱ्याने नाक मुरडलं तरी. आणि देव न करो, पण अवधूतची नोकरी गेली, तर पोपटचे कागद आणि विमान ठरेपर्यंत घर रिकामं करा म्हणणार नाहीत. घाईत माणसं काय करून बसतात ते त्यांनी पाहिलं आहे ना! शेवटी जासिमनी विचारलं, प्राण्याची जबाबदारी कुणाच्या नावे लिहायची? अवधूत तर दिवसभर ऑफिसात. तुझं नाव घालायला माझी जीभ वळेना. तुझ्यावर आणखी एक ओझं कशाला? म्हणून म्हटलं, माझं घाला. तर आता करारात छापलं आहे, सौ. की श्रीमती ते त्यांना कळलं नाही म्हणून नुसतंच, अलका देशमुख. मी जन्मात कुत्र्याला हात लावलेला नाही, तुला माहीत आहे. सध्या त्यांच्या एका थोराड मांजरावर सराव चालू आहे. पाठीपर्यंत जमलं, डोकं अजून राहिलं आहे.

आता सही का अडली ते. जासिम कागद छापायला गेले आणि स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. मरियमताईंनी विचारलं, दारात मांजर न चालणारी बाई परक्या मुलखात कुत्र्याची जबाबदारी कशी घेते? मुलासाठी? मी म्हटलं, नाही, सुनेसाठी. तिचं बाळ गेलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुला त्या दुःखाची ओळख आहे, तुझ्या तोंडावर दिसतं. ईश्वरी, तो हात मी सोडवून घेतला असता तर बरं, पण नाही सोडवला. अवधूतच्या आधी मला एक मुलगी झाली होती. साताऱ्याच्या दवाखान्यात. चांगली जिवंत होती, जोरात रडायची, दूध पिताना माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरायची. बारसं व्हायच्या आत गेली. यांनी तिला कापडात गुंडाळून नेलं आणि घरी आल्यावर हात धुऊन चहा मागितला, कारण त्यांनाही दुसरं काही सुचलं नसणार. त्यानंतर ते जाईपर्यंत आम्ही दोघांनी तिचा विषय काढला नाही. अवधूतला ठाऊक नाही. तू दवाखान्यातून आलीस तेव्हा मी रोज तुझ्या दाराशी यायचे, हेच सांगायला, आणि वरणभाताचं ताट ठेवून परत फिरायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं ते एका परक्या स्वयंपाकघरात, मोडक्या हिंदीत. मरियमताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझ्या सुनेला हे माहीत आहे? मी नाही म्हटलं. जासिम कागद घेऊन आले तर त्यांनी पेन माझ्या हातात देऊ दिलं नाही. म्हणाल्या, करारात न लिहायची एक अट माझी आहे. आधी तिला सांगायचं, मग सही करायला यायचं. म्हणून हे पत्र, बाळा. तू कळवलंस की मी लगेच जाऊन सही करेन, तुझं येणं ठरो न ठरो. यावंस असं मला फार फार वाटतं, ते कशाला लपवू? पण बरी होऊन ये असं मी म्हणणार नाही. आहेस तशी ये. रडू आलं तर या घरात मोठ्याने रड, मी ताट ठेवून निघून जाणार नाही, शेजारी बसेन. तुझ्या बाळाबद्दल मला सांग, कुणासारखं दिसत होतं ते सांग, मी कधी विचारलंच नाही. आणि माझ्या मुलीचं नाव ठेवायचं राहून गेलं आहे. तुला एखादं सुचलं तर कळव.

तुझीच,
अहो आई